केसांचा कीस

आमच्या जजसाहेबांच्या डोक्यावर एकूण अकरा केस आहेत आणि ते रोज सकाळी डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत ओढून आणले जातात. माझ्या शपथेच्या कागदावर सही करायला ते खाली वाकले, तेव्हा मी मोजले. "मुलाच्या हिताशिवाय दुसऱ्या कशाकडेही लक्ष देणार नाही," असं मी उजवा हात वर करून म्हणत होते आणि लक्ष होतं त्यांच्या टाळूवर. सवय जात नाही माणसाची.

मी ट्वायला हप. एक्केचाळीस वर्षं याच गावात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत बायकांचे केस कापले, रंगवले, कुरळे केले आणि कुरळे होते ते सरळ केले. मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि दुकान बंद झालं. घरी बसून टीव्हीवरच्या बायकांच्या डोक्यांना नावं ठेवत होते, तेव्हा लोर्ना पिकन्स आली. लोर्ना माझं जुनं गिऱ्हाईक. कोर्टाच्या स्वयंसेवकांचं काम तीच बघते.

"ट्वायला, तुला दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायला आवडतं ना?" तिने विचारलं.

"आवडतं. तुझ्याही घरात खुपसलंय. मग?"

"मग आता कोर्टाच्या परवानगीने खुपस."

काम असं, की आईबापांनी मारलेली, उपाशी ठेवलेली, वाऱ्यावर सोडलेली पोरं बालसुरक्षा खातं उचलून नेतं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवतं. मग कोर्टात आईचा वकील येतो, बापाचा वकील येतो, खात्याचा वकील येतो. सगळ्यांच्या हाताखाली पन्नास पन्नास फायली. अशा गर्दीत एकाच पोराकडे बघणारं, पगार न घेणारं एक माणूस हवं, म्हणून आम्ही. महिन्यातून एकदा पोराला भेटायचं, सगळ्यांना छळून माहिती काढायची, अहवाल लिहायचा आणि कोर्टात उभं राहून पोराच्या भल्याचं काय ते सांगायचं. तीस तासांचं शिक्षण चर्चच्या तळघरात झालं. त्यातले निदान दहा तास बटाट्याचं सॅलड कुणी आणायचं यावर गेले.

नियम भरपूर. भेटवस्तू द्यायची नाही. पोराला गाडीत बसवायचं नाही. वचन द्यायचं नाही. सगळ्यात शेवटी लोर्नाने चष्मा नाकावर घेतला आणि खास माझ्याकडे बघितलं.

"आणि केसांना हात लावायचा नाही."

"कुणाच्या?"

"पोराच्या. पोर खात्याकडे असलं तरी केस कापायचे की नाही हे त्याची आई ठरवते. आई तुरुंगात असली तरी."

"म्हणजे मुलगी काढून घेता आणि केस तेवढे आईचे ठेवता?"

"नियम आहे."

मी इतकी हसले की माझ्या हातातली कॉफी लोर्नाच्या फायलीवर सांडली.

माझ्या वाट्याला आली रेलिन कॉट्रिल, वय वर्षं आठ. फाइल जाडजूड होती, पण मला पहिल्या फोटोच्या पुढे जाताच येईना. जानेवारीत शेजाऱ्याने पोलिसांना बोलावलं. चाकांवरच्या ट्रेलरच्या घरात रेलिन दोन दिवस एकटी जागी होती. आई मिस्टी नशेच्या गोळ्या खाऊन बिछान्यात पडलेली. पोरीने दोन दिवस दुधाशिवाय कोरडे कॉर्नफ्लेक्स खाल्ले आणि आईच्या अंगावर आपलं जॅकेट घातलं. फोटो पोरीच्या डोक्याचा होता, मागून काढलेला. केस कसले, जटाच. मानेपासून टाळूपर्यंत एकच गोळा, फणीचा एक दात आत शिरणार नाही असा. दवाखान्यात शेवटी मशीन फिरवून सगळं काढून टाकलं.

मिस्टीने पहिल्या तारखेला कोर्टात सांगितलं होतं, मला फ्लू झाला होता, दोन आठवडे केस विंचरले गेले नाहीत. तिच्या वकिलाने मान हलवली, कोर्टाने लिहून घेतलं आणि सगळे जेवायला गेले.

दोन आठवडे! मी फोटो डोळ्यांजवळ धरला. दोन आठवड्यांत गुंता होतो. तीन-चार बाटल्या तेल आणि एक दुपार घातली की तो सुटतो. अशी जट व्हायला तीन महिने लागतात. तीन महिने त्या बाईने रोज पोरीचं डोकं बघितलं आणि हात लावला नाही. मला संताप आला. अहवालाच्या कोऱ्या कागदावर शिफारशीच्या रकान्यात मी तेव्हाच पेन्सिलीने लिहून टाकलं, 'दत्तक द्यावी.'

दत्तक घ्यायला घर तयारच होतं. डेनिस आमस्टुट्झ आणि तिचा नवरा. गावाबाहेर शेत, पांढरं घर, खिडक्यांच्या काचा इतक्या स्वच्छ की पाखरं येऊन आपटायची. रेलिन त्यांच्याकडेच होती. डेनिस भली बाई. तिला स्वतःचं मूल कधी झालं नाही, म्हणून चौदा महिने ती या पोरीभोवती फिरत होती. तिचा एकच दोष, तिला पसारा बघवत नाही. तिच्या घरातल्या कोंबड्यासुद्धा रांगेने चालतात.

रेलिन माझ्याशी पहिले तीन महिने फक्त डोकं हलवून बोलली. चौथ्या महिन्यात तिने मला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"मिस ट्वायला, तुमचे केस खरे आहेत?"

"केस खरे आहेत. रंग खोटा आहे."

"मम्मी म्हणते खोटं बोलायचं नाही."

"तुझी मम्मी म्हणते?" मी म्हटलं आणि पुढचं तोंडातच ठेवलं.

वर्ष सरेपर्यंत मिस्टीला गोळ्या सोडून अकरा महिने झाले होते. दर आठवड्याला तपासणी होई आणि दर वेळी ती साफ निघे. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात तिला काम मिळालं होतं. दर मंगळवारी चार ते पाच खात्याच्या खोलीत ती रेलिनला भेटायची. ती एकदाही चुकली नव्हती. तरी खात्याच्या नोंदीत दर मंगळवारी तेच वाक्य होतं: 'आई पूर्ण वेळ मुलीचे केस करत बसते. मुलीशी संवाद नाही. डोळ्यांत बघणे नाही. ठेवलेल्या खेळण्यांचा वापर नाही.'

ही नोंद लिहिणारी केलिन स्टोबार्ट, वय चोवीस, केसांची टोकं दुभंगलेली, कामाच्या ओझ्याने बिचारी दुपारचं जेवण गाडी चालवताना खाते. एका मंगळवारी मी तिच्याबरोबर भेटीच्या खोलीच्या काचेच्या या बाजूला बसले.

"बघा," केलिन म्हणाली. "बाई एक शब्द बोलत नाही हो पोरीशी. मागेच उभी."

मी बघितलं. रेलिन खुर्चीवर, मिस्टी तिच्या मागे. मिस्टीची बोटं जाडजूड, धुलाईखान्याच्या साबणाने फुटलेली. वेणी घालणं तिला येत नव्हतं. ती फोनवर बघून शिकायची आणि दर आठवड्याला नवी घालायची. केस चार इंच होईपर्यंत वेणी बसत नाही, तोवर तिने नुसत्या चिमुकल्या पिना लावल्या होत्या. मग तिपेडी आली, मग चौपेडी, आणि आज पाचपेडी चालली होती आणि पार फसली होती. माझे हात शिवशिवायला लागले.

पण मी एक्केचाळीस वर्षं लोकांच्या डोक्यामागे उभी राहिले आहे. समोरासमोर बसून कुणी काही खरं सांगत नाही. पाठ फिरवून, मान मागच्याच्या हातात देऊन बसलं की बायका मला नवऱ्याचं, सासूचं, छातीतल्या गाठीचं, सगळं सांगायच्या. मी रेलिनचे खांदे बघितले. माझ्यासमोर ते कानाला लागलेले असतात. इथे खाली आले होते, सैल. आणि तिचे ओठ हलत होते.

"केलिन, बोलतायत त्या दोघी."

"कुठे? डोळ्यांत डोळे घालून बोललं तर संवाद. फॉर्ममध्ये तसंच आहे."

"तो फॉर्म लिहिणारा कधी न्हाव्याकडे गेला नसेल."

केलिन हसली आणि तिने नेहमीचं वाक्य लिहिलं. मीही पेन्सिलीचं लिहिलेलं खोडलं नाही. खांदे खाली आले म्हणून तीन महिने पुसले जात नाहीत, असं माझं म्हणणं होतं.

वेणी मंगळवारी संध्याकाळीच डेनिस सोडून टाकायची. "मुळाशी ओढ बसते हो, मिसेस हप," ती मला म्हणाली, "आणि पसारा दिसतो. एका मंगळवारी सोडायची राहिली, तर ही बसूनच झोपली, उशीला टेकेचना. का कुणास ठाऊक." मला ठाऊक होतं. पण डेनिसला सांगायचं धाडस झालं नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

फेब्रुवारीच्या शेवटी खात्याने अर्ज केला की आईचे हक्क कायमचे संपवावेत आणि मुलगी आमस्टुट्झांना द्यावी. सुनावणी मार्चमध्ये. अहवाल आठ दिवस आधी द्यायचा. रेलिन आयुष्यभर कुणाची राहणार याचा निकाल लागणार होता, आणि अहवालाआधीची शेवटची भेट घ्यायला मी एका गुरुवारी आमस्टुट्झांच्या घरी गेले.

दार उघडं. स्वयंपाकघरात रेलिन स्टुलावर, गळ्यात टेबलक्लॉथ. डेनिस हातात कोंबडी कापायची कात्री घेऊन उभी आणि हुंदके देतेय. पोरीचं अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच. जणू गवत कापायचं मशीन फिरवताना मध्येच पेट्रोल संपलं.

"उवा!" डेनिस किंचाळली. "शाळेतून चिठ्ठी आली! माझ्या घरात उवा!"

"अगं बाई, उवांना फणी लागते, कात्री नाही! तेल लावायचं, फणी फिरवायची, एक आठवडा. कात्रीने उवा मरतात का?"

"मला काही सुचलंच नाही हो."

रेलिन रडत नव्हती. ती जमिनीवरच्या केसांकडे बघत होती. उजव्या बाजूला सात इंच, डाव्या बाजूला कुठे दोन, कुठे जेमतेम दीड.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? लोर्नाला फोन. केलिनला फोन. आईला फोन. मी गाडीकडे गेले आणि माझी कात्री आणली. दुकान बंद झालं तरी कात्री गाडीतच असते. अर्धं डोकं कापलेलं पोर समोर बसलं असताना माझ्यासारखीने नियमपुस्तक आठवावं अशी अपेक्षाच चूक आहे. वीस मिनिटांत मी सगळं दीड इंचावर सारखं केलं, मानेवरची रेघ सुतात आणली, कानांभोवती गोल घेतलं. छान झालं. खरंच छान झालं होतं. मी आरसा धरला.

रेलिनने स्वतःला बघितलं. मग आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मंगळवारी मम्मी काय करेल मग?"

तेव्हा मला लोर्नाचा चष्मा आठवला. मी कात्री खाली ठेवली आणि तिला फोन लावला.

लोर्नाने फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती चर्चमध्ये गाते, म्हणून आश्चर्य वाटलं. "चौदा महिने!" ती म्हणाली. "चौदा महिने तुला एकच गोष्ट सांगितली होती! आता त्या आईला तू स्वतः सांगायचंस. आणि ती भडकली की खात्याचा वकील लिहून घेईल, आईला राग आवरत नाही. खूश?"

मंगळवारी मी पावणेचारलाच खात्याच्या दारात उभी राहिले. मिस्टी धुलाईखान्याच्या कपड्यांतच आली, बगलेत पिनांचा डबा. केलिन वही उघडून तयार. रेलिन टोपी काढून उभी राहिली. मिस्टी थांबली.

"कुणी कापले?"

"मी," मी म्हणाले. "डेनिसने उवांना घाबरून सुरुवात केली, पण संपवले मी."

"मला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

तिचा चेहरा लाल झाला. तिने पिनांचा डबा या हातातून त्या हातात घेतला. केलिनचं पेन कागदाला टेकलं. मिस्टी पोरीच्या मागे गेली, मानेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"रेघ सरळ आहे," ती म्हणाली. "पण माझा तास गेला."

मी काचेमागे जाऊन बसायला निघाले, तर ती म्हणाली, "बसा की इथेच. बघायचंच आहे ना तुम्हाला." म्हणून केलिन आणि मी दोघी आत बसलो. मिस्टी खुर्चीमागे रिकाम्या हातांनी उभी. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. केलिनचं ते नेहमीचं वाक्य खरं व्हायला निघालं होतं आणि त्याला कारण मी होते.

मग रेलिन खुर्चीवरून उतरली. तिने आईच्या पिनांच्या डब्यातला ब्रश घेतला.

"तू बस," ती म्हणाली.

मिस्टी बसली. आता पोर मागे आणि आईचं तोंड आमच्याकडे. मिस्टीचे केस लांब, बरेच दिवस टोकं न कापलेले. रेलिनने ब्रश लावला.

"टोचतंय का?"

"नाही."

"टोचलं तर सांग. खोटं बोलायचं नाही."

"सांगेन."

ब्रश वरून खाली, वरून खाली. पोरीचा हात चांगला होता, टोकांकडून सुरुवात करत होती. कुणी शिकवलं असेल ते कळतच होतं.

"मम्मी, तू तेव्हा उठली का नाहीस?"

मिस्टीची मान हलली नाही. "गोळ्या घेतल्या होत्या."

"किती?"

"खूप. मोजल्या नाहीत."

"मी तुला हलवलं होतं."

"हलवलं असशील. मला कळलं नाही गं. मला काहीच कळलं नाही."

"आणि माझे केस तू कधीपासून विंचरले नव्हतेस?"

मिस्टीने माझ्याकडे बघितलं, केलिनच्या वहीकडे बघितलं. तिला हवं असतं तर फ्लू तिथेच होता, हाताशी.

"हॅलोवीनपासून. ऑक्टोबर संपला तेव्हापासून."

"मी चेटकीण झाले होते तेव्हापासून?"

"हो. टोपी काढली आणि मग विंचरलेच नाहीत. मला जमतच नव्हतं काही. तुझी चूक नव्हती. माझी होती."

रेलिनचा ब्रश क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, "इथे गुंता आहे. हलू नकोस."

मिस्टी हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला मान हलवावी लागली असती. केलिनचं पेन थांबलं होतं.

"लिही," मी तिला म्हणाले.

"मिस ट्वायला, हे लिहिलं तर ती तेव्हा कोर्टात खोटं बोलली हे उघडं पडेल."

तिने वही मिटली. घरी जाऊन मी पेन्सिलीचं 'दत्तक' खोडलं. लिहिलं, सहा महिने मुदत द्यावी, मुलीला आईच्या घरी जाऊ द्यावं, मग ठरवावं. केस मी कापले हेही लिहिलं, इंचांसह. हॅलोवीनचं मात्र लिहिलं नाही. कुणी विचारलंच तर विसरले म्हणायची माझी तयारी होती. पोराच्या हितासाठीच विसरले असते ना!

सुनावणीत खात्याचा वकील हार्लन टीग माझ्यावर तुटून पडला. खांद्यांवर कोंडा इतका, की बाहेर बर्फ थांबून आत सुरू झालाय असं वाटावं. अर्धा तास त्याने माझ्या कात्रीचा आणि रेलिनच्या केसांचा कीस काढला.

"किती इंच कापलेत?"

"उजवीकडे साडेपाच. डावीकडे मला काही शिल्लकच नव्हतं."

"परवानगी?"

"नव्हती."

"नियम माहीत होता?"

"होता. मी त्याला हसलेसुद्धा होते."

जजसाहेबांनी खोकून हसू लपवलं. टीगला ते आवडलं नाही. त्याने फाइलमधून तो फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला.

"मिसेस हप, तुम्ही केसांतल्या जाणकार आहात असं अहवालात चार वेळा लिहिलंय. मग सांगा, हे व्हायला किती वेळ लागतो?"

मी फोटो बघितला नाही. तो मला पाठ होता. समोर मिस्टी बसली होती, केस नीट विंचरलेले. मागच्या बाकावर डेनिस रुमाल चुरगाळत होती. मी 'विसरले' म्हणू शकत होते, पण त्याने आठवायला सांगितलंच नव्हतं. माझ्या कामातलं विचारलं होतं.

"उत्तर द्या," जजसाहेब म्हणाले.

"तीन महिने," मी म्हणाले. माझा आवाज मलाच आवडला नाही.

टीग वळला. "आईने याच कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, दोन आठवडे. म्हणजे..."

"बरोबर आहे त्यांचं," मिस्टी उठून उभी राहिली. तिचा वकील तिची बाही ओढत होता. "हॅलोवीनपासून. दोन आठवडे म्हणाले ते खोटं होतं."

जजसाहेब पुढे वाकले.

"हे आज का सांगताय?"

"मागच्या मंगळवारी मुलीला खरं सांगितलं. तिला एक आणि तुम्हाला एक, असं कसं सांगू?"

टीग म्हणाला, "नोंदींनुसार ही आई मुलीशी बोलतच नाही."

मागून केलिन उठली. तिला कुणी बोलावलंही नव्हतं. "त्या नोंदी माझ्या आहेत," ती म्हणाली. "आणि त्या चुकीच्या आहेत. मी चुकीच्या बाजूने बघत होते." बोलून झाल्यावर ती घाबरून खाली बसली आणि चुकून टीगच्या टोपीवर बसली.

जजसाहेबांनी चष्मा काढला. डोक्यावरून हात फिरवला तसा एक केस सुटून कपाळावर आला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. सहा महिने मुदत. शनिवार-रविवार रेलिन आईच्या घरी, तपासण्या चालूच. सहा महिन्यांनी शेवटचा निर्णय, आणि तो कसाही होऊ शकतो हे त्यांनी मिस्टीला दोनदा बजावलं.

"आणि मिसेस हप," ते म्हणाले, "या मुदतीत त्या मुलीच्या केसाला धक्का लागता कामा नये."

"नाही लागणार, जजसाहेब."

बाहेर व्हरांड्यात डेनिस भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, ही आता माझ्या तोंडावर दार आपटेल, दार नसलं तरी. चौदा महिने जिला आपली म्हणून वाढवलं, ती कदाचित जाणार होती, आणि तसं लिहून देणारी मी होते. मला फार वाईट वाटलं. मी ते तिला सांगितलं.

"केस महिन्याला किती वाढतात?" तिने विचारलं.

"अर्धा इंच."

"म्हणजे सहा महिन्यांत तीन." तिने बोटांवर धरलं. "दीड आणि तीन, साडेचार. वेणी चार इंचांना बसते ना?"

"बसते."

डेनिसने नाक पुसलं, रुमालाची चौकोनी घडी केली आणि पर्समधून पेन काढलं.

"मग मला एवढं सांगा," ती म्हणाली. "आईने मंगळवारी घातलेली वेणी पुढच्या मंगळवारपर्यंत टिकवायची कशी? झोपेत मोडते ना."

"उशीला साटीनचा अभ्रा घालायचा," मी म्हणाले. "आणि वेणीवर सैल रुमाल."

तिने कोर्टाच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. साटीनचा रंग कोणता घ्यावा हे मात्र तिने मला विचारलं नाही. ती जिना उतरली आणि खाली उभ्या असलेल्या रेलिनला विचारायला गेली.